सांगून ठेवलेली गाडी

वर्सोव्यास राहणाऱ्या मनुष्यास विमानाचें अप्रूप उरलेलें नाहीं. संध्याकाळीं वाळूंत फिरावयास जावें, तों समुद्राच्या अंगास एकामागून एक विमानें चढतांना दिसतात, आणि खेळणारीं मुलें त्यांकडे मान वर करूनही पाहत नाहींत. याच किनाऱ्याच्या दक्षिणेस, जुहूच्या मैदानावर, १५ ऑक्टोबर १९३२ रोजीं जे. आर. डी. टाटा कराचीहून अहमदाबादमार्गें टपालाच्या पिशव्या घेऊन एका लहानशा विमानांतून उतरले. त्या गोष्टीस अजून शंभर वर्षें झालीं नाहींत. परंतु तेवढ्या अवधींत आकाशांतला प्रवास इतका सुकर झाला कीं, मुंबईहून गोव्यास जावयास तासा-सव्वातासाहून अधिक वेळ लागत नाहीं. मात्र विमानांतून उतरल्यापासून मुक्कामाच्या उंबरठ्यापर्यंतचा जो अखेरचा टप्पा, तो जसा आमच्या आजोबांस अवघड वाटे तसाच आम्हांसही वाटतो. या लहानशा टप्प्याविषयीं चार शब्द लिहावे, असें बरेच दिवस मनांत होतें.

त्या टप्प्याची तजवीज करण्यासाठीं आपल्या भाषेंत एक फार चांगला प्रयोग आहे. आपण गाडी 'सांगतों'. दूध सांगतों, श्राद्धाला ब्राह्मण सांगतों, कार्याला स्वयंपाकी सांगतों, तशीच गाडी सांगतों. हल्लींची तरुण मंडळी 'बुक करतों' असें म्हणतात, आणि त्यांत वावगें कांहीं नाहीं. व्यवहार तोच आहे. पण बुक करण्यांत नोंद होते ती यंत्रांत. सांगणें होतें तें दोन माणसांत. एकानें सांगितलें, दुसऱ्यानें 'बरें' म्हटलें, कीं तेव्हांपासून दोघेही बांधले जातात. अमुक दिवशीं, अमुक वेळीं, अमुक ठिकाणीं एक मनुष्य आपली वाट पाहत उभा असेल, ही खात्री त्या एका क्रियापदांत आहे.

माझ्या लहानपणीं कोंकणांत जावयाचें तें बोटीनें. कोंकण रेल्वेचा सबंध मार्ग खुला झाला तो १९९८ सालीं. ही गोष्ट त्याच्या पुष्कळ आधींची. भाऊच्या धक्क्यावरून बोट सुटे, आणि किनाऱ्यावरील कित्येक बंदरांत धक्क्यापाशीं पाणी खोल नसल्यामुळें ती दूर उभी राही. मग उतारूंस होड्यांतून कांठावर आणीत. लाटेबरोबर खालींवर होणाऱ्या होडींत ट्रंका, वळकट्या, रडणारीं मुलें आणि लुगडीं सांवरणाऱ्या बायका कशा उतरत, हें ज्यांनीं पाहिलें आहे, त्यांस त्या प्रवासांतील खरें संकट कोठें होतें हें सांगावयास नको. बोटीवरची सबंध रात्र बरी. होडींतलीं दहा मिनिटें कठीण. कांठाला पाय लागले म्हणजे सर्वांचे डोळे बैलगाडी शोधीत. वडिलांनीं आठ दिवस आधीं काकांस कार्ड टाकलेलें असे. काकांस स्वतः येतां आलें नाहीं तरी गाडी आलेली असे. गाडीवानाच्या हातीं कंदील, आणि आंत पेंढ्यावर अंथरलेली घोंगडी. ती घोंगडी दिसली कीं आई म्हणे, "आली हो आपली गाडी," आणि तेथून पुढें दोन कोस खडकाळ वाट असली तरी तिच्या लेखीं प्रवास संपलेला असे.

संस्कृतांत 'प्रत्युद्गमन' असा एक शब्द आहे. येणाऱ्याची घरीं बसून वाट न पाहतां त्यास आणावयास आपण पुढें जाणें, असा त्याचा अर्थ. रघुवंशाच्या पांचव्या सर्गांत इंदुमतीच्या स्वयंवरासाठीं निघालेला अज विदर्भाच्या राजधानीबाहेर येऊन उतरतो, तेव्हां तेथला राजा नगराबाहेर येऊन त्याला सामोरा जातो. शिकवणीस येणारीं मुलें कधीं कधीं विचारीत, "सर, अजाबरोबर एवढें सैन्य होतें, रथ होते, त्याला वाट सांपडली नसती काय?" मी त्यांस सांगत असें, वाट सांपडली असती, पण परक्या गांवच्या वेशीवर उभा असलेला मनुष्य राजपुत्र असला तरी तेवढ्या घटकेपुरता पोरकाच असतो.

आज आपण हवा पालटावयास परप्रांतीं जातों तेव्हां तेथें ना काका असतात, ना विदर्भाचा राजा. हें सामोरें येणें आपणांस पैसे देऊन मिळवावें लागतें. पैशानें मिळालेल्या अगत्यांत आपुलकी कोठून असणार, असें कोणी विचारील. प्रश्न योग्य आहे. त्याचें उत्तर पुढील हकीकतींत वाचकांनींच शोधावें.

गेल्या वर्षी दिवाळीच्या सुट्टींत आमच्या घरच्या मंडळींनीं गोव्याच्या दक्षिण टोकास काणकोण तालुक्यांतील पाळोळें येथें चार दिवस समुद्रकांठीं राहावें, असा बेत निघाला. समुद्राजवळ राहणाऱ्यांनीं समुद्र पाहावयास इतकें दूर जावें हें चमत्कारिक खरें. पण घरचा समुद्र आणि सुट्टींतला समुद्र हे दोन निराळे, असा आमच्या आठ वर्षांच्या नातवाचा निर्णय पडला. आमचें घर एकत्र आहे. वडील बंधु, ज्यांस आम्ही दादा म्हणतों, पंचाहत्तरीस टेंकलेले व बँकेंतून निवृत्त झालेले. वहिनी बहात्तर वर्षांच्या. त्यांच्या खालोखाल मी व आमची सौभाग्यवती. मग मुलगा, सून आणि नातू. मुलास रजा दोन दिवस उशिरां मिळावयाची होती, म्हणून तो मागून येणार होता. बेत ऐकतांच वहिनी म्हणाल्या, "तुम्ही सगळीं जा. घराला कोणीतरी हवें. मी राहतें."

एकत्र कुटुंबांत हें वाक्य पुष्कळदां ऐकूं येतें, आणि ऐकणारे तें शब्दशः खरें मानून पुढच्या विषयाकडे वळतात. वहिनींच्या खुब्याची शस्त्रक्रिया होऊन दीड वर्ष झालें होतें. घरांत त्या काठीच्या आधारानें सर्वत्र हिंडतात, पूजेचें सगळें स्वतः करतात. दादा म्हणाले, "तिला प्रवास झेपायचा नाहीं," आणि ती गोष्ट तेथेंच मिटली असती.

दोन दिवसांनीं दुपारीं मटाराच्या शेंगा सोलतांना सूनबाईनें त्यांस विचारलें, "काकू, तुम्हांला विमानाची भीति वाटते, कीं विमानानंतरची?"

वहिनी थोडा वेळ बोलल्या नाहींत. मग म्हणाल्या, "विमानांत काय, बसूनच राहायचें. तिथें चाकांची खुर्चीही देतात म्हणे. पण पुढें? रात्रीच्या वेळीं परक्या गांवांत मी उभी कुठें राहूं? हे भाड्यासाठीं हुज्जत घालीत बसणार, आणि मी काठीवर. आणि गाडी उंच निघाली तर मला चढतां येत नाहीं, ग. चारचौघांत कुणीतरी काखेंत हात घालून वर चढवायचें. त्यापेक्षां आपलें घर बरें."

हें संभाषण सौभाग्यवतीनें त्याच रात्रीं मला सांगितलें. म्हणजे वहिनींस घर राखावयाचें नव्हतें. समुद्र पाहावयाचाच होता. साडेपांचशें-सहाशें किलोमीटरांचा प्रवास त्यांस अडवीत नव्हता. अडवीत होती ती विमानतळाच्या दाराबाहेरची अर्धी घटका, आणि गाडीची एक पायरी.

सूनबाईनें मग हें काम आपल्याकडे घेतलें. प्रथम विमानतळाचा प्रश्न. गोव्यांत आतां दोन विमानतळ आहेत, ही गोष्ट नवख्यांच्या सहसा ध्यानांत येत नाहीं. एक वास्कोजवळ दाबोळीचा. तो पोर्तुगीज राजवटींत बांधला गेला, १९६१ सालीं गोवा मुक्त झाल्यावर नौदलाकडे आला, आणि आजही नौदलाच्या तळावरच तेथें प्रवासी विमानें उतरतात. दुसरा मोपचा, मनोहर पर्रीकरांचें नांव दिलेला हा विमानतळ अगदीं उत्तरेस पेडणें तालुक्यांत, महाराष्ट्राच्या हद्दीजवळ आहे, आणि ५ जानेवारी २०२३ पासून तेथें प्रवासी विमानांची ये-जा सुरू झाली. ज्यांस हरमल, मांद्रें, किंवा अलीकडे सावंतवाडी, शिरोडें, वेंगुर्लें गांठावयाचें आहे त्यांस मोप सोयीचा. पाळोळ्यास जाणाऱ्यास मात्र दाबोळीहून सुमारें ६५ किलोमीटर पडतात, तर मोपहून शंभराच्या घरांत.

मुलानें शोधलेलें स्वस्त तिकीट मोपचें होतें. माणशीं ३०० रुपये कमी. सहा माणसांचे १,८०० रुपये वांचत होते. सूनबाईनें दोन्हीकडून गाडीचें भाडें विचारलें: दाबोळीहून ३,२५०, मोपहून ५,०००. म्हणजे तिकिटांत वांचलेल्या १,८०० पैकीं १,७५० गाडींत जाणार, हातीं ५० रुपये उरणार, आणि त्या ५० रुपयांपायीं वहिनींस रात्रीच्या वेळीं जवळजवळ तासभर अधिक गाडींत बसावें लागणार. हा हिशेब तिनें कागदावर मांडून दादांपुढें ठेवला. ज्याचें आयुष्य बँकेंत गेलें, त्याचें मन वळविण्याचा याहून चांगला मार्ग नाहीं. दाबोळी ठरलें.

परंतु गाडी आधीं सांगून ठेवण्यास दादांचा विरोध होता. "विमानतळावर टॅक्सींची वाण नाहीं," ते म्हणाले. "आधीं सांगितली कीं तो मागेल तें द्यावें लागतें. उतरल्यावर चौघांना विचारूं, घासाघीस करूं."

सूनबाई नम्रपणें म्हणाली, "काका, घासाघीस करणाऱ्याला उठून जायची मोकळीक हवी ना? रात्रीं आठ-नऊ वाजतां सामान आणि काकू बरोबर असतांना आपण उठून कुठें जाणार?"

या प्रश्नावर दादांनीं वर्तमानपत्र उघडलें. मला मात्र त्या एका वाक्यांत बाजाराचें सारें शास्त्र दिसलें. भाजीवालीशीं आपण भाव करतों, कारण चार पावलांवर दुसरी भाजीवाली बसलेली असते आणि आपणांस घाई नसते. अंधारांत, अनोळखी ठिकाणीं, थकलेल्या माणसांसह केलेली घासाघीस ही बरोबरीच्या दोघांची बोलणी नव्हे. त्यांत जिंकला तरी प्रवासी चिडलेला असतो, आणि हरला तर लुबाडला गेल्याची बोच सबंध सुट्टीभर बाळगतो. गाडीवालाही तितकाच कडवट होतो. उलट आमच्या वर्सोव्याची खाडी ओलांडून मढला जाणारी फेरीबोट पाहावी. तिचें भाडें आधींच ठरलेलें. कोळीण, कॉलेजांतला मुलगा, चित्रपटांत काम करणारा मनुष्य, सर्व तेवढेंच देतात आणि निमूटपणें बसतात. तेथें कोणी कोणास फसविलें असें मीं ऐकलें नाहीं.

उतरण्याच्या जागेच्या मालकानें त्याच गांवांतील एका गाडीवाल्याचा क्रमांक दिला होता. त्याच्याशीं सूनबाईनें जें बोलणें केलें तें मी समोर बसून ऐकलें, आणि वाचकांच्या उपयोगी पडेल म्हणून येथें देतों. प्रथम तिनें विमानाचा क्रमांक व वेळ सांगितली. त्यामुळें विमान उशिरां येत असल्यास गाडीवाल्यास तें कळूं शकतें. मग माणसें किती, त्यांत मूल किती वर्षांचें, आणि सामानाचे डाग किती. 'सात आसनांची गाडी' म्हणजे चालक धरून सात, आणि तिसऱ्या रांगेंत माणसें बसलीं कीं मागें सामानास वीतभर जागा उरते, हें पुष्कळांस गाडी दाराशीं आल्यावरच कळतें. तिनें टपावर सामान बांधण्याची सोय आहे कीं नाहीं हें विचारून घेतलें. भाड्यांत गाडी उभी करण्याचा आकार, वाटेंतील इतर खर्च आणि रात्रीचा आकार धरला आहे काय. विमानाच्या ठरल्या वेळेपासून किती वेळ तो फुकट थांबेल. पुढें तासास किती. आधीं किती द्यावयाचे. ठरलें तें असें: भाडें सर्व धरून ३,२५०, पहिला तास फुकट, पुढें तासास २००, आगाऊ फक्त ५००. हें सर्व तिनें लिहून त्याच्या मोबाइलवर धाडलें, आणि त्यानें 'होय' म्हणून उलट कळविलें.

शेवटीं ती म्हणाली, "आमच्या काकूंच्या खुब्याचें ऑपरेशन झालें आहे. चढायला एखादा ठेंगणा स्टूल आणतां येईल का? आणि पाटीवर नांव लिहाल, तें त्यांचें लिहा."

गाडी सांगितल्याचें वहिनींस कळलें तेव्हां त्यांनीं फक्त इतकेंच विचारलें, "गाडीवाला नक्की येईल ना?" आणि दुसऱ्या दिवशीं कपाटांतून दोन सुती पातळें इस्त्रीस काढलीं.

त्यांची शंका अगदींच निराधार नव्हती. आमच्याच आवारांतील एक वृद्ध जोडपें कांहीं वर्षांपूर्वीं परदेशांतील एका बेटावर गेलें होतें. त्यांनीं मोबाइलवर सांपडलेल्या कोणा एका कंपनीस गाडीचे सर्व पैसे आगाऊ भरले होते. उतरल्यावर नांवाची पाटी घेऊन कोणीही आलें नाहीं, आणि दिलेल्या क्रमांकावर कोणी उत्तरही देईना. दीड तास वाट पाहून त्यांनीं विमानतळावरच्या खिडकींतून दुसरी गाडी घेतली व दुप्पट पैसे मोजले. म्हणून 'आधीं सांगणें' याचा अर्थ 'आधीं सर्व पैसे देणें' असा करूं नये. ज्या माणसाशीं प्रत्यक्ष बोलणें झालें आहे, किंवा ज्याची हमी मुक्कामाचा मालक घेतो, त्यासच सांगावें. आणि आपल्या देशांत पैशाची अशी फसवणूक झाल्यास १९३० या सरकारी क्रमांकावर विनाविलंब कळवावें.

ठरल्या दिवशीं विमान ८ वाजून १० मिनिटांनीं दाबोळीस उतरावयाचें, तें पावणेदहाच्या पुढें उतरलें. सामान मिळून, वहिनींची चाकांची खुर्ची बाहेर येईपर्यंत सव्वादहा होऊन गेले. दाराबाहेर उकाडा, दिव्यांचा झगझगाट, पाट्या घेतलेल्यांची गर्दी, आणि 'टॅक्सी, टॅक्सी' असा गलका. वहिनींनीं काठी घट्ट धरली होती. इतक्यांत नातू ओरडला, "मोठी आजी, तुझें नांव!"

पुठ्ठ्याच्या एका तुकड्यावर ठळक देवनागरींत, मागें 'सौ.' लावून, वहिनींचें संपूर्ण नांव लिहिलेलें होतें. आमच्या घरीं येणारीं पत्रें, विजेचीं बिलें, लग्नाच्या पत्रिका, सर्व आजवर दादांच्या नांवें आलेलीं. वहिनींनीं तें नांव दोनदां वाचलें, आणि पाटी धरणाऱ्या तिशीच्या तरुणास मान हलवून म्हणाल्या, "मीच ती."

गाडीशीं पोंचल्यावर त्यानें पुढचें दार उघडलें, आणि आंतून स्टूल नव्हे, तर एक शिसवी पाट काढून जमिनीवर ठेवला. "घरांत स्टूल उंच होता, आजी," तो म्हणाला. "आईनें हा दिला. जेवणाचा आहे, हालत नाहीं. सावकाश पाय ठेवा." वहिनी थबकल्या. जेवावयाच्या पाटावर चपलेचा पाय कसा द्यावा, हा त्यांचा संकोच आम्हां सर्वांस कळला. त्यांनीं चपला काढल्या, नातवानें त्या उचलल्या, आणि अनवाणी पायानें पाटावर चढून, कोणाचा हात न घेतां, त्या गाडींत बसल्या. पैसे गाडीचे ठरले होते. पाटाचे ठरले नव्हते.

मडगांव मागें पडलें, कुंकळ्ळी गेली, आणि करमल घाटाच्या अंधाऱ्या वळणांत गाडी शिरली. मुलें व बायका पेंगूं लागल्या. दादा जागे होते, आणि हिशेब त्यांच्या जिभेवर होताच. "येतांना रिकामाच आलास?" त्यांनीं विचारलें.

"होय. काणकोणाहून दाबोळीला संध्याकाळीं कोण मिळणार? तुम्हांला सोडलें कीं घरीं."

दादांनीं बोटें मोजलीं. ६५ जातांना, ६५ येतांना; १३० किलोमीटर; ३,२५० रुपये. "किलोमीटरला पंचवीस पडले," ते माझ्याकडे वळून म्हणाले. "त्यांत डिझेल, गाडीचा हप्ता, आणि याचे सहा तास." मग बराच वेळ ते कांहीं बोलले नाहींत.

तो तरुण मात्र मोकळेपणानें बोलत होता. गाडी कर्जावर घेतलेली. पावसाळ्याचे चार महिने पाळोळ्याच्या वाळूवरच्या राहावयाच्या झोपड्या उतरवून ठेवतात, पाहुणे थोडे, पण हप्ता बारा महिने. गोव्याच्या पर्यटन महामंडळाच्या आश्रयानें २०१८ सालीं 'गोवामाइल्स' ही मोबाइलवरून टॅक्सी बोलावण्याची व्यवस्था सुरू झाली, तेव्हांपासून तेथील टॅक्सीवाल्यांचा तिला कडवा विरोध आहे, त्याविषयीं दादांनीं विचारलें असतां तो म्हणाला, "दर ठरलेला हवा, हें खरें. पाहुण्याला भीति नको. पण तो दर कुणी ठरवायचा, त्यांत रिकाम्या फेरीचे पैसे धरायचे कीं नाहीं, हें आम्हांला कुणी विचारावें ना?" प्रवाशांचीही बाजू आहे, अवाच्या सवा भाडें मागितल्याच्या तक्रारी गोव्यांत नव्या नाहींत. परंतु आमच्या गाडींत त्या रात्रीं भांडण नव्हतें, कारण त्याची रिकामी फेरी त्यानें आधींच आमच्यापुढें मांडली होती आणि आम्हीं ती आधींच मान्य केली होती.

मुक्कामीं उतरतांना दादांनीं स्वतः पाकीट काढलें. थांबण्याचा हिशेब सव्वा तासाचा होत होता. त्यानें २०० घेतले. "वरचीं पंधरा मिनिटें आजींचीं," असें म्हणून त्यानें पाट पुन्हां खालीं ठेवला.

दुसऱ्या दिवशीं सकाळीं वहिनी पाण्यापासून दहा हातांवर खुर्ची टाकून बसल्या. दुपारीं जेवावयास चला म्हणून बोलावूं गेलों, तर म्हणाल्या, "आणखी थोडा वेळ."

कोणी म्हणेल, सर्वांनींच असा खर्च करावा काय? मुळींच नाहीं. धडधाकट तरुणानें पाठीवर पिशवी टाकून कदंब महामंडळाच्या बसनें जावें. तोच प्रवास स्वस्त आणि गमतीचा. जवळ जावयाचें असेल तर गोव्यांत 'पायलट' आहेत, म्हणजे मोटारसायकलवर मागें बसवून नेणारे परवानाधारक.  दिवसाउजेडीं उतरणाऱ्या चौघांस विमानतळावरील आधीं पैसे भरून टॅक्सी देणारी खिडकी पुरेशी आहे. मात्र गाडी कोणतीही घ्या, तिच्या क्रमांकाची पाटी पाहावी. पिवळ्या पाटीवर काळे अंक म्हणजे भाड्यानें माणसें नेण्याचा परवाना असलेली गाडी. वीजेवरची असेल तर हिरव्या पाटीवर पिवळे अंक. पांढऱ्या पाटीची गाडी खाजगी. काळ्या पाटीवर पिवळे अंक असलेली गाडी आपण स्वतः चालवावयास भाड्यानें घ्यावयाची असते. तींत बसवून कोणी भाडें मागूं लागल्यास नको म्हणावें.

पण ज्यांच्याबरोबर म्हातारें माणूस आहे, तान्हें मूल आहे, कोणाचा पाय अधू आहे, किंवा ज्यांस अपरात्रीं उतरावयाचें आहे, त्यांनीं गाडी सांगून ठेवण्यास चैन समजूं नये. घरांतील सर्वांत दुबळ्या माणसास झेपेल तोच सर्वांचा प्रवास, असें ज्या घरांत मानतात तेथें हा खर्च तिकिटाइतकाच आवश्यक ठरतो. सुट्टीचे बेत आपण तिकिटापासून आखूं लागतों; ते अखेरच्या टप्प्यापासून मागें आखावे, म्हणजे कोणास घरीं ठेवून जाण्याची वेळ येते आहे तें आधींच दिसतें.

आतां पुन्हां सुट्ट्या येतील, पुन्हां बेत ठरतील, आणि कोणत्याना कोणत्या घरांत एखादी वहिनी, आई किंवा आत्या म्हणेल, "तुम्ही जा, मी घर राखतें." तिला एवढेंच विचारावें कीं, भीति नेमकी कशाची आहे: रांगेची, अंधाराची, कीं पायरीची? ती काय सांगते तें नीट ऐकावें, लिहून घ्यावें, आणि मग गाडी सांगावी.